आधी डोळा, मग कॅमेरा



आज खेड्यातल्या बहुतेक घरांत कॅमेऱ्याचा निदान एक तरी मोबाईल आहे. जावळ असो, लग्न असो, नवा ट्रॅक्टर दारात येवो, फोटो निघतातच. एका लग्नसराईत घरात जितके फोटो निघतात, तितके आपल्या आजोबांचे साऱ्या आयुष्यात निघाले नसतील. आणि तरीही घरातले वडीलधारे माणूस गेले की भिंतीवर लावायला फोटो शोधताना सगळ्यांची तारांबळ उडते. मग सापडतो तो आधार कार्डावरचा दचकलेला चेहरा, नाहीतर कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून कापून काढलेली अर्धी मान. फोटोवाला मागे निळा पडदा लावून देतो, अंगावर परकी शाल चढवतो. नातवंडे म्हणतात, "आजी काही अशी दिसत नव्हती."

असे का होते? मोबाईल स्वस्तातला आहे म्हणून नव्हे. आपण फोटो काढतो, पण काढण्याआधी नीट पाहत नाही, हे खरे कारण.

पाहणे ही तुमच्यासाठी नवी विद्या नाही. बांधावर उभे राहून तुम्ही पिकाची तब्येत सांगता. खालची जुनी पाने पिवळी पडली तर नत्र कमी, आणि शेंड्याची कोवळी पाने पिवळी पण शिरा हिरव्या, तर लोह कमी, हे तुम्हाला नजरेने कळते. पाहुण्याला तिथे नुसता पिवळेपणा दिसतो. तुमचा डोळा वर्षानुवर्षे पाहून तयार झाला आहे. चित्रासाठी आणि फोटोसाठीही डोळा असाच तयार होतो. त्याची शेतीशाळा म्हणजे कलासंग्रहालय, आणि ती फार लांब नाही.

संग्रहालय आपल्यासाठीच आहे

"तिथे आमच्यासारख्यांचे काय काम? ते शिकलेल्या लोकांचे." गावोगाव हेच ऐकू येते. म्हणून आधी तीन जागांची ओळख करून देतो.

पहिली जागा पुण्याच्या शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालय. दिनकर केळकर हे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच वारला. त्याच्या नावाने त्यांनी हे संग्रहालय उभे केले. गावोगाव हिंडून, वाडे पालथे घालून त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने वस्तू जमवल्या. हा संग्रह २०,००० वस्तूंच्या घरात गेला आणि १९७५ साली त्यांनी तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. वस्तू कोणत्या? अडकित्ते, दिवे, समया, पानाचे डबे, पाय घासायच्या वज्री, स्वयंपाकाची भांडी, कोरीव दरवाजे. म्हणजे तुमच्या आजीच्या ट्रंकेत आणि माळ्यावर पडलेला संसार. तिथला एखादा अडकित्ता कसा धरायचा, हे शहरातल्या मुलाला पाटी वाचून कळते. तुमच्या आईला ते पाटीशिवाय कळते. मग हे संग्रहालय जास्त कोणाचे?

दुसरी जागा सातारा जिल्ह्यातील औंधची. खटाव तालुक्यातले हे गाव पूर्वी एका लहान संस्थानची राजधानी होते. राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रे काढत आणि कीर्तनही करत. सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे ते हेच. त्यांनी १९३८ साली यमाईच्या डोंगरावर श्री भवानी संग्रहालय बांधले. राजा रविवर्मा आणि महादेव विश्वनाथ धुरंधर यांची चित्रे तिथे आहेत. इंग्लंडचे जगप्रसिद्ध शिल्पकार हेन्री मूर यांचे 'आई आणि मूल' हे शिल्पही आहे. ज्या मूर्तिकाराचे काम पाहायला लोक परदेशी जातात, त्याचे काम माणदेशाच्या वाटेवरच्या एका गावात आहे. यमाईच्या दर्शनाला हजारो लोक येतात. त्यांपैकी किती जण आत डोकावतात?

तिसरी जागा सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळचे पिंगुळी गाव. तिथले ठाकर समाजाचे कलावंत पिढ्यान्‌पिढ्या चित्रकथी सांगत आले. एकेक चित्र पुढे धरायचे आणि रामायण-महाभारतातली कथा गायची, अशी ती कला. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्याचेच संग्रहालय केले आणि घराण्यातली जुनी चित्रे, कळसूत्री बाहुल्या तिथे मांडल्या. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गोठ्यात संग्रहालय उभे राहते, तर शेतकऱ्याने संग्रहालयात जायला संकोच कसला?

कसे पाहावे?

आठवड्याचा बाजार धावत पाहिला तर हाती काय लागते? दुखरे पाय. संग्रहालयाचेही तसेच आहे. सगळे पाहायचा हट्ट धरू नका. एक चक्कर मारा, मनात भरलेली पाचच चित्रे निवडा, आणि प्रत्येकासमोर एक कप चहा प्यायला जितका वेळ लागतो तितका वेळ उभे राहा. पाटी नंतर वाचा. आधी मनाशी चार प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न, उजेड कुठून येतो आहे? हातात दिवा घेतलेली, पाचवारीतली स्त्री तुम्ही कॅलेंडरवर पाहिली असेल. पुष्कळ लोक ते चित्र रविवर्म्याचे समजतात, पण ते आहे सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचे. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. चित्रकाराची मुलगीच त्यासाठी उभी राहिली होती. ते जलरंगात काढलेले आहे. या चित्रात दिवा एकच. त्या दिव्यावर तिने आडवा हात धरला आहे, बोटे उजेडाने लालसर झाली आहेत, चेहऱ्यावर मऊ प्रकाश आहे आणि बाकी सगळा अंधार. काय सांगते हे चित्र? उजेड भरपूर असावा लागत नाही, तो योग्य जागी पडावा लागतो. ठिबकचे पाणी जसे मुळाशी पडते, तसे.

दुसरा प्रश्न, नजर आधी कुठे जाते, आणि मग कुठे? चांगला चित्रकार तुमच्या नजरेला बोट धरून फिरवतो. वाट, नदी, बांध, कुणाचा तरी वळलेला चेहरा यांनी तो तुम्हाला चित्राच्या गाभ्याशी आणतो. पाट काढताना पाणी कुठून कुठे जाईल हे तुम्ही ठरवता, तसेच हे.

तिसरा प्रश्न, चित्रकाराने काय गाळले आहे? वारली चित्र आठवा. गेरूने किंवा मातीने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, आणि गोल, त्रिकोण, चौकोन एवढीच सामग्री. नाक नाही, डोळे नाहीत, तरी तारप्याभोवती नाचणारे अख्खे गाव डोळ्यांपुढे उभे राहते. पालघर जिल्ह्यातले जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणली आणि जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कमी ठेवून जास्त सांगणे हे त्यांच्या चित्रांकडून शिकावे. आपण मात्र फोटोत आजीबरोबर पाण्याचा निळा पिंप, युरियाची गोणी आणि वाळत घातलेले कपडेही घेतो.

चौथा प्रश्न, माणसांचे हात काय करताहेत? चेहरा हसरा करता येतो, पण हात खरे बोलतात. रविवर्म्याच्या किंवा धुरंधरांच्या चित्रातले हात पाहा. पदर सावरणारे, बाळ धरणारे, दागिन्याशी चाळा करणारे. हातांवरून माणूस ओळखतो.

एकच जागा, अनेक वेळा

कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला जाता, तेव्हा टाऊन हॉल संग्रहालयातही जा आणि आबालाल रहिमान यांची चित्रे पाहा. हे छत्रपती शाहू महाराजांच्या काळातले चित्रकार. ते १९३१ साली वारले. कोटीतीर्थाच्या काठी ते राहिले आणि तिथला परिसर पुन्हा पुन्हा रंगवत राहिले. तेच पाणी, तीच झाडे. पण सकाळ वेगळी, संध्याकाळ वेगळी, पावसाळी आभाळ वेगळे. चांगल्या चित्रासाठी काश्मीरला जावे लागत नाही, हा धडा इथे मिळतो.

हौशी फोटोवाल्याने हा धडा गिरवून पाहावा. शेताच्या बांधावर एक दगड ठरवा. दर पंधरा दिवसांनी त्याच दगडावर उभे राहून, त्याच दिशेने, एकच फोटो काढा. पेरणीपासून काढणीपर्यंत आठ-दहा फोटो होतील. ते ओळीने मांडले की पीक वाढताना दिसेल, आणि तुमची नजर वाढतानाही दिसेल. वर, अमक्या साली पाऊस कधी लांबला आणि पीक कधी पिवळे पडले, याची आपसूक नोंद राहील.

आता फोटो काढू

संग्रहालयातून परत आल्यावर जे पाहिले ते घरी करून पाहा. सुरुवात घरातल्या सर्वांत वयस्क माणसापासून करा. त्यांना भर उन्हात अंगणात उभे करू नका. दुपारच्या उन्हात डोळ्यांच्या खोबणीत काळोख साठतो. दाराच्या आत, उंबऱ्यापाशी बसवा. बाहेरचा उजेड चेहऱ्यावर एका बाजूने पडू द्या. हळदणकरांच्या दिव्यासारखे तुमचे दार काम करील. सकाळी ऊन कोवळे असताना किंवा दिवस कलताना हे उत्तम होते. त्यांच्या पाठीमागे उघडे दार किंवा खिडकी येऊ देऊ नका, नाहीतर चेहरा काळा येतो.

त्यांना "सरळ बसा, हसा" म्हणू नका. हातात रोजचे काम द्या. धान्य निवडू द्या, वाती वळू द्या, पान लावू द्या. आणि पाच-दहा मिनिटे बोलत बसा. मोबाईल विसरला गेला की खरा चेहरा दिसतो. तेव्हा फोटो काढा.

काही साध्या गोष्टी ध्यानात ठेवा:

मोबाईल खिशात माती, तंबाखू आणि घामासोबत राहतो. फोटोच्या आधी मऊ सुती कापडाने त्याची काच पुसा. निम्मे धूसर फोटो यानेच सुधारतात.

पडद्यावर बोटांनी चित्र मोठे करू नका. दोन पावले पुढे जा.

मोबाईल समोरच्याच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा. लहान मूल किंवा वासरू असेल तर खाली उकिडवे बसा. वरून काढलेल्या फोटोत मूल बुटके आणि डोके मोठे दिसते.

कोपरे अंगाशी टेकवा, श्वास रोखा, मग बटण दाबा. हात हलणार नाही.

काळी म्हैस फोटोत राखाडी येते आणि पांढरा खिलार बैल उन्हात पिठासारखा पांढराफटक येतो, हा अनुभव तुम्हाला असेल. कॅमेरा सगळ्याच गोष्टी मध्यम उजेडाच्या मानून चालतो. चेहऱ्यावर किंवा जनावरावर पडद्यावर बोट टेकवा आणि उजेड कमी-जास्त करण्याची खूण सरकवून पाहा. खिलार बैल उन्हापेक्षा झाडाच्या सावलीत चांगला येतो.

दहा फोटो धडाधड काढण्यापेक्षा एक विचार करून काढा. रात्री ते दोन-तीन जणांनी मिळून पाहा आणि जे साधले नाही ते का, हे बोला. हीच खरी शाळा.

आणि विचारल्याशिवाय कुणाचा, विशेषतः परक्या बायामाणसांचा, फोटो काढू नका. नजर कितीही चांगली झाली तरी रीत सोडायची नाही.

या तयार डोळ्याचा शेतीलाही उपयोग आहे. रोगट पानाचा फोटो सल्ल्यासाठी पाठवता, तेव्हा तीन फोटो पाठवत जा. एक शेताचा, एक पूर्ण रोपाचा, आणि एक पानाचा जवळून. पान उलटे करून खालची बाजूही दाखवा. शेजारी एक रुपयाचे नाणे किंवा आगकाडी ठेवा, म्हणजे डागाचा आकार कळतो. उन्हात न काढता अंगाच्या सावलीत काढा. नीट फोटो आला तर सल्लाही नेमका मिळतो.

जे जाते आहे ते टिपा

गुजरातेत भावनगरला १९३४ साली जन्मलेले ज्योती भट्ट हे बडोद्याचे चित्रकार. १९६७ साली गुजरातच्या लोककलेवरील एका कामासाठी त्यांनी कॅमेरा हाती घेतला आणि ते खेड्यापाड्यांत फिरू लागले. मातीच्या भिंतीवर बायकांनी काढलेली चित्रे, अंगणातल्या रांगोळ्या, सणासाठी रंगवलेली गुरे यांचे फोटो ते वर्षानुवर्षे काढत राहिले. त्यांनी पाहिले की भिंत पुन्हा सारवली की चित्र जाते, आणि सिमेंटची भिंत आली की ते पुन्हा काढलेच जात नाही. त्यांनी टिपलेल्यांतल्या कित्येक भिंती आज नाहीत. फोटो आहेत. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आपल्या गावात काय जाते आहे, याचा विचार करा. मोट गेली. बैलगाडी कमी झाली. पोळ्याला सजवायला किती दावणीत बैल उरले आहेत? नागपंचमीला भिंतीवर नाग काढणारे हात, जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या बाया, पांभर आणि तिफण, धान्याची कणगी, कुंभाराचे चाक. हे शहरातून कोणी येऊन टिपील याची वाट पाहू नका. आलेला माणूस एक दिवस राहील आणि रंगीत फेटा पाहून जाईल. कोणत्या घराची रांगोळी वेगळी आणि कोणाच्या हातची कणगी घट्ट, हे तुम्हालाच ठाऊक.

मुलींच्या हातीही कॅमेरा द्या. होमाई व्यारावाला ही भारताची पहिली महिला वृत्तछायाचित्रकार. १९१३ साली नवसारीला जन्म, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिक्षण. साडी नेसून, जड कॅमेरा खांद्याला लावून त्यांनी स्वातंत्र्याच्या काळातली दिल्ली टिपली. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. तुमच्या लेकीला तर हलका मोबाईल पेलायचा आहे. माजघरात, चुलीपाशी, बाळंतिणीच्या खोलीत जिथे पुरुषमाणूस जात नाही, तिथले फोटो तीच काढू शकते.

फोटो कणगीत भरा

मोबाईलमधला फोटो म्हणजे शेतात उभे धान्य. कणगीत येईपर्यंत ते आपले नव्हे. मोबाईल विहिरीत पडतो, चोरीला जातो, बिघडतो. वर्षाला दहा तरी फोटो निवडून कागदावर छापून घ्या. मागे पेन्सिलीने हलक्या हाताने नाव, गाव, तारीख आणि प्रसंग लिहा. घरात जुने फोटो असतील, तर गावातल्या सर्वांत जुन्या माणसापाशी बसून त्यांतल्या माणसांची नावे आजच लिहून घ्या. तो माणूस गेला की त्या फोटोतली माणसे अनोळखी होतात.

संग्रहालयात जुन्या चित्रांच्या दालनात उजेड मंद असतो आणि फ्लॅश मारू देत नाहीत, हे तुम्ही पाहाल. जास्त उजेडाने रंग उडतात. हाच नियम घरी लावा. फोटो ऊन येणाऱ्या भिंतीवर टांगू नका. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीपासूनही दूर ठेवा, नाहीतर बुरशी येते.

सहलीचा बेत

यासाठी वेगळा खर्च काढायची गरज नाही. देवदर्शन, दवाखाना, कोर्टकचेरी, बाजार यांसाठी आपण जातोच, त्याला दोन तास जोडा. मुंबईस गेलात तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय पाहा. ते १९२२ सालापासून लोकांसाठी खुले झाले. भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय त्याहून जुने, १८७२ सालचे. तिथल्या मातीच्या लहान बाहुल्यांत जुन्या काळचे धंदे करणारी माणसे पाहायला मिळतात. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय १८६३ सालचे. विदर्भातली मंडळी त्याला अजब बंगला म्हणतात. शिक्षकांसाठी एक गोष्ट: मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ साली फिरत्या संग्रहालयाची बस सुरू केली. ती शाळांपर्यंत आणि गावांपर्यंत जाते. तिच्याविषयी चौकशी करून पाहावी.

निघण्यापूर्वी फोनवर वेळ विचारून घ्या. कित्येक संग्रहालयांना सोमवारी सुट्टी असते आणि कधी दुरुस्तीसाठी दालने बंद असतात. फोटो काढायला परवानगी आहे का, हे दारातच विचारा. वस्तूला हात लावू नका, कारण घामाने धातू आणि रंग खराब होतात. मुलांच्या हातात वही द्या आणि आवडलेली एक वस्तू काढायला सांगा. वाकडीतिकडी का होईना. जे हाताने काढले ते डोळ्याने खरे पाहिले जाते. घरातल्या बायकांना "तुम्हाला त्यातले काय कळणार" म्हणून मागे ठेवू नका. रांगोळीचा ठिपका न चुकवणारा डोळा तुमच्यापेक्षा चांगला पाहील.

चित्र पाहण्याने पोट भरत नाही, हे खरे. पण आपण जगलो कसे, आपली माणसे दिसत कशी होती, हे पुढच्या पिढीला दाखवायचे असेल तर आपल्याशिवाय ते कोणी करणार नाही. पीक चुकले तर पुढचा हंगाम असतो. गेलेल्या माणसाचा फोटो मात्र पुढच्या हंगामात काढता येत नाही. म्हणून या आठवड्यात एवढे करा. सकाळचे काम आटोपले की मोबाईलची काच पुसा, घरातल्या सर्वांत थोरल्या माणसाशेजारी उंबऱ्यापाशी बसा, त्यांच्या लहानपणची एखादी गोष्ट विचारा, आणि उजेड कुठून येतो आहे ते आधी पाहा.